बारावं रीळ

जगनाडे चौकातल्या भंगारवाल्यानं
काट्यावर तोलून दिला मला
'भाड्याचा सासरा'.
साडेअकरा किलो, डब्यांसकट.
पत्र्याचा भाव वेगळा, सिनेमाचा वेगळा,
सिनेमाचा कमी.

घरी येऊन मोजले. तेरा.
एक ते अकरा, मग एकदम तेरा, चौदा.
अकराव्याच्या शेवटी
नाटक कंपनीतून भाड्यानं आणलेला बाप
सुनेच्या हातचा तिसरा पानगा तुपात बुडवतोय
आणि खरा बाप, वर्ध्याहून आलेला,
कोट झटकत जिना चढतोय.
तेराव्यात दोघंही एका झोपाळ्यावर,
एकाच अडकित्त्यानं सुपारी कातरताहेत.
मधे काय झालं?

तीस वर्षं मी मीटरचं रीडिंग घेत फिरलो,
इतवारी, महाल, सक्करदरा.
लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे लिहायचे
आणि तिथंच, सायकलच्या ट्यूबमागं,
फाटक्या पोस्टरवरची एखादी थोरली जाऊ
लाटणं उगारून उभी दिसायची.
काय घ्याल, विचारलं की लोक हसायचे.
न्या फुकट, फक्त बिल कमी टाका.

धंतोलीचे डॉक्टर देवपुजारी गाण्यांच्या चोपड्या जमवतात.
चहाचा डाग असला तर नको म्हणतात.
मला डाग चालतो.
मारधाडीला मुंबईहून गिऱ्हाईक येतं,
घरगुती विनोदाला कोणी विचारत नाही:
कपाटात लपलेला मेहुणा,
बहिरेपणाचं सोंग घेऊन सगळं ऐकणारी आत्या,
रुसून माळ्यावर जाऊन बसलेला आणि
शिडी काढून घेतल्यामुळं उतरता न येणारा थोरला.
या सिनेमांत कोणी मरत नाही.
फार तर मेल्याची तार येते
आणि ती चुकीच्या पत्त्यावर आलेली निघते.

आमच्याकडे आली होती ती बरोबर पत्त्यावर होती.

तर मे महिन्यात, शनिवारी, नऊनंतर,
गच्चीची फरशी पाणी मारून निवली की
मी दोन चादरी शिवून केलेला पडदा बांधतो.
बारावं आलं की मशीन थांबतं.
दिवा मी बंद करत नाही.
अकरा मिनिटं नुसता पांढरा चौकोन,
त्यावर पाखरं.

पहिल्या वर्षी सगळे गप्प बसले.
दुसऱ्या वर्षी निमजे काकू म्हणाल्या,
"मले आठवते नं. तो खरा बुडा
याले पाहून म्हणते, अरे, तू तर माह्या वर्गातला!"
"काहून जी," ढोमणे लाइनमन उठलेच,
"असं नव्हतं. मी तीनदा पाह्यला.
सून दोघाइले दोन खोल्यात कोंडते
अन् एकच ताट दोन्हीकडे फिरवते."
कोणी म्हणालं, कुत्रा होता.
कोणी म्हणालं, कुत्रा दुसऱ्या सिनेमात.
खालच्या मजल्यावरची सोळा वर्षांची पोरगी,
जिनं तो सिनेमा जन्मात पाहिला नाही,
पडद्यापुढं जाऊन स्वतःच्या सावलीचे
दोन बाप करून दाखवू लागली.
ढोमणे हसता हसता सतरंजीवर आडवे.

गेल्या मंगळवारी कामठीहून
कय्यूम ऑपरेटरचा मुलगा आला.
वडिलांच्या ट्रंकेत सापडला म्हणाला, डबा.
झाकणावर खडूनं: १२.
पैसे घेतले नाहीत, पाणीही नको म्हणाला.

झाकण उघडलं तर घरभर आंबूस वास.
"लोणच्याची बरणी फुटली का?" कुंदानं आतून विचारलं.
चाळीस उन्हाळे पत्र्यात खाल्लेलं रीळ
गुळाच्या भेलीसारखं बसलं होतं, एकजीव.
कोमट ओल्या फडक्यात ठेवलं, नखानं कोरलं,
वीतभर सुटलं, बाकी तुटलं.

बल्बसमोर धरलं.
दार अर्धं उघडं.
कोटाची बाही, आणि एक हात
दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर
ठेवायच्या बेतात, किंवा ढकलायच्या.
चाळीस चौकटी. सगळ्या तितक्याच अंतरावर.

कुंदानं डबा बाल्कनीत, कूलरच्या मागं ठेवला.
गच्चीवर अजून कोणाला सांगितलं नाही.
शनिवार परवा आहे.
ढोमण्यांनी विचारलंय,
यंदा त्यांचा नातू येतोय भंडाऱ्याहून,
त्याला कुत्र्याचं सांगायचं आहे.